पत आहे, नोंद नाही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलावलेल्या पाहुणीने आरोग्यावर किंवा मुलांच्या संगोपनावर चार शब्द बोलावेत, अशी एक रीत पडून गेली आहे. आपल्या चिटणीसबाईंनी ती मोडली आणि मला विषय दिला तो पैशाचा, त्यातही कर्जाचा. त्यांनी कळवले की, आमच्या बऱ्याच सभासद काही ना काही उद्योग करतात. कोणी डबे देते, कोणी शिवणकाम करते, कोणी पापड-कुरडया करून विकते. उद्योग वाढवावा म्हणून बँकेत गेले की उत्तर मिळते, 'तुमची पत दिसत नाही.' तर याचे काय करावे ते सांगा.

मी एका बँकेत बत्तीस वर्षे नोकरी केली. त्यांपैकी बारा वर्षे कर्जविभागात गेली. अर्ज घेऊन येणाऱ्या बायका टेबलाच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला, असे पुष्कळ दिवस गेले. तेथे जे पाहिले त्यातले उपयोगाचे तेवढे आज सांगते. आकडे थोडे येतील, पण घाबरू नका. महिन्याचे किराण्याचे गणित ज्या बोटांवर करतात, त्यांना यात अवघड काही नाही.

पत हा शब्द आपल्याला नवा नाही. महिना सरायला आठवडा असताना वाणी दोन किलो तेल वहीत मांडून देतो, ती पत. भिशीतली पहिली उचल ज्या बाईला बिनधास्त देतात, तिची ती पत. ही पत आपण वर्षानुवर्षे राखतो. एक तारखेला आधी वाण्याचे पैसे बाजूला काढतो आणि मग उरलेल्यात घर चालवतो. ही पत अगदी खरी आहे. परंतु ती राहते वाण्याच्या डोक्यात आणि त्याच्या वहीत. वाण्याने दुकान बंद केले किंवा आपली बदली दुसऱ्या गावी झाली की ती तेथेच राहते. आपल्याबरोबर येत नाही.

कागद नसलेल्या बायका कर्ज फेडतात, हे आता कोणी नव्याने सिद्ध करावयाचे राहिलेले नाही. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका धान्य उधारीवर आणीत, आणि नड पडली की सावकाराचे जबर व्याज भरीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, आणि याच बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळू लागली. त्याच्या एकच वर्ष आधी, १९७४ साली, अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने भाजी विकणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, घरी बसून काम करणाऱ्या सुमारे चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक उभी केली. सेवा बँक ती हीच. या बायकांपाशी ना जमीन, ना घर. हातचे काम आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय, एवढेच त्यांचे भांडवल होते.

आजचा प्रश्न निराळा आहे. बायकांना पत नाही, असे कोणी म्हणत नाही. पत आहे, पण तिची नोंद नाही, ही खरी अडचण आहे. ही नोंद कोठे होते ते आधी समजून घेऊ.

वाण्याच्या वहीसारखी एक मोठी वही आता साऱ्या देशासाठी ठेवली जाते. ती ठेवणारी पहिली संस्था, सिबिल, २००० साली स्थापन झाली. आज अशा चार संस्था आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांच्यासाठी २००५ सालचा कायदा आहे आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. आपण बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतले की किती घेतले, हप्ते वेळेवर भरले की नाही, किती राहिले, ही माहिती त्यांच्याकडे जाते. पूर्वी ती महिन्याने जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान दर पंधरवड्याला पाठवावी असा नियम झाला. त्या माहितीवरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा निघतो. लोक त्यालाच 'सिबिल' म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकी बँक निर्धास्त.

आता ज्या बाईने स्वतःच्या नावावर कधी कर्जच घेतले नाही, तिचे पान कोरे असते. तेथे कोठे 'उणे एक' असे दिसते, तर कोठे 'इतिहास नाही' अशा अर्थाची अक्षरे. हे पाहून पुष्कळ जणी घाबरतात. आपल्याला नापास केले असे त्यांना वाटते. परंतु जिचे नाव शाळेत घातलेलेच नाही, ती मुलगी नापास कशी होईल? तिची परीक्षाच झालेली नाही. कोरे पान आणि डाग पडलेले पान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मनाशी पक्के धरा.

बँकांनीही हा भेद पाळावा असे सांगितलेले आहे. कर्ज मंजूर करण्यासाठी अमुक इतका आकडा असलाच पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने कोठेही ठरवून दिलेले नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ मागचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून फेटाळू नये, असे ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेतही तेच सांगितले. याचा अर्थ कर्ज हक्काने मिळते असा मात्र नव्हे. वही कोरी असेल तर बँकेने दुसरे काही पाहावे, एवढाच त्याचा अर्थ. आणि ते 'दुसरे काही' आपण नेऊन दाखवावयाचे असते.

बायकांचे पान कोरे का राहते, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक बाई आल्या. मिरची-मसाला कांडपाचा त्यांचा घरचा धंदा होता. मिरची निवडणे, वाळवणे, भाजणे, गिऱ्हाईक सांभाळणे, उधारी वसूल करणे, सारे बाईच करीत. यजमान बाहेरची खरेदी पाहत. दोन वेळा कर्ज काढले होते आणि दोन्ही वेळा ते मुदतीत फिटले होते. हप्त्याचे पैसे बाईच डब्यात साठवून देत. यजमान वारले. वर्षाने जुने यंत्र मोडीत निघाले तेव्हा बाई कर्ज मागावयास निघाल्या. दोन्ही कर्जे यजमानांच्या नावावर, विजेचे मीटर यजमानांच्या नावावर, घाऊक व्यापाऱ्याची बिले यजमानांच्या नावावर. आणि दुकानातली क्यूआरची पाटी मुलाच्या खात्याची! पंधरा वर्षे धंदा केलेल्या बाईचा, धंदा करते असे दाखवणारा एकही कागद नव्हता. एका महिन्यात त्या तीन ठिकाणी अर्ज करून नकार घेऊन आल्या होत्या.

त्यांचे पुढे काय झाले ते सांगते, पण तूर्त इतकेच ध्यानात घ्या : फेडले बाईंनी, पत वाढली यजमानांची, आणि यजमान गेले तेव्हा पतही गेली. भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणींचे असेच आहे, याचा घरी गेल्यावर विचार करा. सोनेतारणाच्या कर्जात तर मी हे नेहमी पाहत असे. बांगड्या बाईच्या, सोडवून आणण्याची काळजी बाईची, आणि कर्ज मात्र यजमानांच्या नावावर. यात कोणाला दोष द्यावयाचा नाही. आपल्याकडे तशी सवयच आहे. पण ती बदलायला एक पैसा खर्च येत नाही.

आता करावयाचे काय? यातली बरीच कामे गरज पडण्यापूर्वी करून ठेवण्याची आहेत. लोणचे उन्हाळ्यात घालावे लागते, पावसाळ्यात हवे म्हणून पावसाळ्यात घालता येत नाही.

पहिले काम म्हणजे स्वतःचे खाते, आणि त्यात स्वतःची कमाई. नुसते खाते पुष्कळजणींकडे असते. २०१४ पासून जनधन योजनेत घरोघरी खाती निघाली. पण खाते कोरडे ठेवून उपयोग नाही. डब्याचे, शिवणाचे, शिकवणीचे पैसे त्यातच येऊ द्या. मोबाईलवरून येणारे पैसे मुलाच्या किंवा भावाच्या खात्यात जात असतील तर ते आपल्या खात्याला जोडून घ्या. रोख मिळालेले पैसेही आठवड्यातून एकदा भरा. वर्षभराचे असे पासबुक पाहिले की कर्ज देणाऱ्याला समोरच्या बाईचा धंदा दिसू लागतो.

दुसरे, दरमहा ठरलेल्या तारखेला भरली जाणारी आवर्त ठेव सुरू करा. पाचशे रुपयांची असली तरी चालेल. ही ठेव त्या मोठ्या वहीत जात नाही, पण आपल्या बँकेला ती दिसते. जी बाई बारा महिने एकाच तारखेला पाचशे रुपये भरते, ती हप्ताही भरील, असे अनुमान कोणीही काढील.

तिसरे काम वहीत पहिली ओळ लिहिण्याचे. यासाठी लहान आणि सुरक्षित कर्ज घ्यावे. आपल्याच मुदत ठेवीवर लहानसे कर्ज घेता येते. ठेव बँकेपाशीच असल्याने ते सहसा लगेच मिळते. काही बँका ठेवीच्या आधारावर क्रेडिट कार्ड देतात. त्यावर महिन्याचा किराणा घेऊन पूर्ण बिल मुदतीपूर्वी भरले तर व्याज पडत नाही आणि नोंद होते. पूर्ण भरता येणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, कारण त्याचे व्याज फार भारी असते. दागिन्यांवर कर्ज काढावयाचेच असेल तर ते बँकेतून आणि आपल्या नावावर काढा. सहा महिन्यांच्या सुमारास कोऱ्या पानावर आकडा उमटू लागतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आपल्या महाराष्ट्रात पतसंस्था गावोगाव आहेत. सहकारी बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी. अनेक पतसंस्थांच्या कर्जांची माहिती त्या चार संस्थांकडे पोचत नाही. पतसंस्थेचे कर्ज तुम्ही कितीही चोख फेडलेत तरी बँकेच्या लेखी पान कोरेच राहू शकते. म्हणून कर्ज घेण्यापूर्वी विचारा, 'याची नोंद सिबिलकडे जाते का?' जात नसेल तर निदान फेड पूर्ण झाल्याचा दाखला आणि खातेउतारा घेऊन तो फाइलला लावा. भिशीचेही तसेच. भिशी हौसेची आहे, नडीला धावते, पण तिची नोंद कोठेच होत नाही.

भिशीऐवजी, किंवा भिशीबरोबर म्हणा, बचत गट का करू नये? १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, ही त्याची पंचसूत्री. साधारण सहा महिने हे नीट चालले की बँक गटाचा विचार करते. आपल्या राज्यात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, हे काम करते. गटातील प्रत्येक सभासदाची माहितीही वहीत पाठवण्याची पद्धत सुरू झालेली आहे. आपल्या गटाची जाते की नाही, हे बँकेत विचारून घ्या.

लहानातून मोठे होण्याची ही पायरी-पायरीची रीत सरकारी योजनांतही दिसते. फेरीवाल्यांसाठी २०२० साली निघालेल्या स्वनिधी योजनेत आधी १०,००० रुपये, ते फेडले की २०,०००, आणि तेही फेडले की ५०,००० अशा पायऱ्या होत्या. २०२५ साली पहिल्या दोन पायऱ्या वाढवून १५,००० आणि २५,००० केल्या. पहिल्या दहा हजारांत धंदा मोठा होत नाही हे खरे, पण दुसऱ्या पायरीचे दार त्यानेच उघडते. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेतही ५०,००० रुपयांपर्यंतचे 'शिशु', ५ लाखांपर्यंतचे 'किशोर', १० लाखांपर्यंतचे 'तरुण' असे गट आहेत, आणि या कर्जांना तारण मागत नाहीत.

आता प्रत्यक्ष अर्जाचा दिवस. टेबलाच्या त्या बाजूने आम्ही काय पाहत असू? ही बाई कोण आणि किती वर्षे येथे राहते. हिला पैसे कोठून येतात. आधीचे देणे किती. हे पैसे कशाला हवेत. आणि धंदा मंदावला तर हप्ता कशातून देणार. या पाच प्रश्नांची उत्तरे घेऊन जी येते, तिचे निम्मे काम झालेले असते.

त्यासाठी एका कागदावर स्वच्छ अक्षरात जमाखर्च लिहून न्या. डबे देणाऱ्या बाईचे उदाहरण घेऊ. वीस डबे, एका वेळचे महिना २,२०० रुपये, म्हणजे जमा ४४,०००. किराणा, भाजी, गॅस मिळून २९,०००. मदतीला येणाऱ्या बाईचे ४,०००. उरले ११,०००. यातून घरखर्चाला हातभार लावून साडेतीन-चार हजारांचा हप्ता झेपेल. हा कागद आणि पासबुक यांचा मेळ बसला पाहिजे, हे विसरू नका. जमा फुगवून लिहिली की मेळ बसत नाही, आणि मग खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

बरोबर लागतात ते कागद : आधार, पॅन, राहत्या जागेचा पुरावा, बारा महिन्यांचा खातेउतारा, मालखरेदीची बिले, आणि धंद्याची नोंदणी. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणीही करून घ्या. यंत्र घ्यावयाचे असेल तर विक्रेत्याचे दरपत्रक हवे. आणि हे सारे कागद आपल्या नावाचे हवेत. नाव आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि पासबुकावर माहेरचे, असा घोटाळा बायकांच्याच कागदांत फार. तो आधी दुरुस्त करून घ्या.

अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी करा, आणि शक्यतो जेथे आपले खाते जुने आहे तेथे. आपण अर्ज केला की बँक त्या वहीत चौकशी करते आणि त्या चौकशीचीही नोंद राहते. महिन्यात चार चौकश्या दिसल्या की पाचवा विचारात पडतो. आपला अहवाल आपण स्वतः पाहिला तर मात्र आकडा कमी होत नाही.

आता त्या कांडपवाल्या बाईंकडे वळू. त्यांना अडीच लाख हवे होते : यंत्र, शेड आणि हंगामाची मिरची, सारे एकदम. त्यांना सांगितले की सहा महिने थांबा आणि कागद करा. त्यांनी मीटर नावावर करून घेतले, क्यूआर आपल्या खात्याला जोडला, व्यापाऱ्याकडून बिले स्वतःच्या नावे घेऊ लागल्या, आणि हजार रुपयांची आवर्त ठेव धरली. परत आल्या तेव्हा फक्त यंत्रापुरते १,२०,००० मागितले. मी त्यांना विचारले, 'कांडप शिमग्याला सुरू होते आणि पाऊस लागला की थांबते. मग श्रावणात हप्ता कशातून देणार?' त्यांनी पिशवीतून वही काढली. हंगामातल्या चार महिन्यांत आठवड्याला किती बाजूला टाकायचे, पावसाळ्यात दळण आणि गोड्या मसाल्याच्या पुड्यांवर किती मिळते, सारे त्यांनी मांडून आणले होते. दर ११ टक्के, मुदत तीन वर्षे, हप्ता सुमारे ३,९३० रुपये. कर्ज मंजूर झाले. एकही हप्ता चुकला नाही, आणि पुढचे कर्ज मागायला आल्या तेव्हा त्यांच्या पानावर त्यांचा स्वतःचा आकडा होता. यात कोणाची ओळख लागली नाही की वशिला लागला नाही.

काही धोक्यांची सूचनाही द्यावयास हवी. 'सिबिल नको, कागद नको, पाच मिनिटांत कर्ज' असे मोबाईलवर सांगणाऱ्यांपासून दूर राहा. त्यांतले काही आपल्या फोनमधले सारे नंबर काढून घेतात आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून बदनामी करतात. कर्ज देणारी बँक किंवा कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, हे आधी पाहा.

व्याजाचा दर कसा सांगतात तेही नीट ऐका. समजा, ५०,००० रुपये वर्षासाठी घेतले आणि 'शेकडा दीड रुपया महिना' असे सांगितले. वर्षाचे व्याज ९,००० झाले, म्हणजे १८ टक्के, असे आपल्याला वाटते. पण आपण मुद्दल दरमहा फेडत असतो आणि व्याज मात्र सगळ्या पन्नास हजारांवर शेवटपर्यंत लावतात. खरा दर सुमारे ३२ टक्के पडतो! म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहे की, घरगुती आणि लहान उद्योगांची कर्जे देताना मुख्य बाबींचे एक पत्रक द्यावे आणि त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा. ते पत्रक मागून घ्या, वाचा, आणि मगच सही करा.

दुसऱ्यासाठी आपल्या नावावर कर्ज उचलू नका. शेजारीण असो, नणंद असो. हप्ता तिने चुकवला तर डाग आपल्या पानावर पडतो. जामीन राहणेही तसेच : जामीनदाराच्या पानावरही त्या कर्जाची नोंद होते. आणि कधी खरोखरच अडचण आली तर तोंड लपवू नका. हप्ता चुकण्यापूर्वी बँकेत जाऊन सांगा. मुदत वाढवून हप्ता लहान करता येतो का, ते तरी पाहतात. 'थोडे भरा, बाकी सोडून देतो' अशी तडजोड केली तर ती 'सेटल्ड' म्हणून वहीत राहते आणि पुढे वर्षानुवर्षे नडते.

आपले काही हक्कही आहेत. २०१७ पासून चारही संस्थांनी दर वर्षी प्रत्येकाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यावयाचा असतो. तो मागवा. त्यात न घेतलेले कर्ज किंवा फिटलेले कर्ज बाकी म्हणून दिसत असेल, तर तक्रार करा. तीस दिवसांत ती निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते; हा नियम २०२४ पासून लागू आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. बँकेने महिन्याभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्याला फी नाही.

शेवटी मंडळासाठी एक सूचना करते. आपल्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी बँक काढावयाचे ठरवले, तेव्हा सभासद बायकांना लिहितावाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरे शिकू लागल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हांला व्याजाचा हिशेब तोंडी विचारा, असे त्यांनीच अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. एकटीने गेलेल्या बाईला जे जमले नसते, ते दहाजणींनी मिळून गेल्यामुळे जमले.

आपल्या मंडळाला बँक काढावयाची नाही. पण महिन्यातून एक दुपार या कामाला देता येईल. मंडळातल्या शिकलेल्या मुलींनी मोबाईलवरून एकेका सभासदाचा फुकट अहवाल काढून द्यावा, आणि तो तिच्यापाशीच राहील असे पाहावे. कोणाच्या नावात फरक आहे, कोणाचे मीटर कोणाच्या नावावर आहे, याची यादी करावी. जमाखर्चाचा कागद कसा लिहावा, हे ज्यांना येते त्यांनी इतरांना शिकवावे. पुढच्या वर्धापनदिनी मंडळाच्या अहवालात 'इतक्या सभासदांची स्वतःच्या नावावर पहिली नोंद झाली' असे एक वाक्य आले, तर आजची ही दुपार सत्कारणी लागली असे मी समजेन.

 कोणाला आपले कागद दाखवावयाचे असतील तर चहा होईपर्यंत मी येथेच बसलेली आहे.